वजनबाई आणि आण्णांचे कावळे

वजनबाईंनी कधी कुणाला ‘कशी आहेस’ असं विचारलं नाही. वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि आकडा सांगायच्या. लग्न होऊन मी पिंपळगावजवळच्या या गावात आले, उंबऱ्यातलं माप ओलांडलं, तोच घोळक्यातून आवाज आला, “बेचाळीस. हिला दूध चालू करा.” होत्या त्या अंगणवाडीच्या बाई, पण गाव त्यांना वजनबाईच म्हणायचं. अंदाज चुकला, तर काटा बिघडलाय म्हणायच्या.

पोट ज्या गावात, ताट त्या गावात, हा त्यांचा कायदा. द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात. त्यांची नावं तिकडच्या अंगणवाडीच्या यादीत, पोटं इकडे. आमच्या मळ्यातली हिरा सहा महिन्यांची गरोदर आणि दोन्ही वेळ भाकरी-चटणीवर. तिचं आधीचं मूल सव्वा किलोचं जन्मलं आणि आठवड्यात गेलं. बाई आपल्या डब्यातलं तिला द्यायच्या, पण एकट्या किती पुरणार? माझ्या सासऱ्यांकडे, आण्णांकडे, त्या तिच्यासाठी डबा मागायला चारदा आल्या. आण्णा महाचिकट. चारही वेळा बाईंना वाटेला लावलं.

मग आण्णाच वारले. दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. आमच्या यांनी बाग विकणार नाही म्हणून हात जोडले, धाकट्या दिरांनी दारू सोडली, चुलत्यांनी बांधाचं भांडण मिटवलं. कावळे बाभळीवर ढिम्म. ऊन चढलं, पाहुणे भुकेने कासावीस. तेव्हा मागे उभ्या असलेल्या बाई पुढे आल्या.

“दादा, आण्णांचा जीव हिरात अडकलाय.”

सासूबाईंनी असं काही बघितलं की धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाईंनी सावरून घेतलं, “म्हणजे तिच्या पोटातल्या बाळात हो.” त्याने तर आगीत तेलच पडलं. “बाळंत होईस्तोवर रोज घरचा डबा देऊ, म्हणा.”

यांनी कसंबसं म्हटलं. बाई पिंडाजवळ जाऊन उभ्या राहिल्या मात्र, चार कावळे एकदम खाली.

गावाने धसकाच घेतला. आपल्याही कुणाचा जीव कुठे अडकलाय का, याचा घरोघर शोध सुरू झाला. कुणी आजीच्या नावाने हिराला अंडी, कुणी मामाच्या नावाने शेंगदाण्याचे लाडू. मोबाइलच्या ग्रुपवर पाळ्या लागल्या. एका घराने तर सासरे जिवंत असतानाच त्यांच्या नावाने दूध चालू केलं. म्हातारा काठी आपटत अंगणवाडीत आला, “मी मेलो का?” बाईंनी विचारलं, मेल्यावर द्यायचं ते हयातीत दिलं तर काय बिघडलं? म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवसापासून आणखी एक लिटर वाढवलं.

हिरा बाळंत झाली तेव्हा दवाखान्याबाहेर निवडणुकीच्या निकालाला जमावी तशी गर्दी. दोन किलो आठशे! बाई पायरीवर मटकन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडले, लाज कसली त्यात.

डबा मात्र थांबला नाही. हिरानंतर दुसरी, मग तिसरी.

गेल्या वर्षी बाई निवृत्त होऊन शहरात, गंगापूर रोडला लेकीकडे गेल्या. त्या निघताना मी विचारलंच, कावळे आले कसे? म्हणाल्या, “पोरांच्या ताटातली उष्टी खिचडी रोज मीच घालते त्यांना. माझीच वाट बघत होते मेले.”

त्या गेल्यावर बरेच दिवस हे मनात ठेवलं. परवा न राहवून यांना सांगून टाकलं. यंदा मळ्यात दोन गरोदर बाया आहेत, त्यामुळे त्यांचे डबे बंद होतील की काय, ही भीती होती.

“म्हणजे आण्णांचं काहीच अडकलं नव्हतं?”

“नाही.”

हे उठले. मग ओट्यावरचे दोन्ही डबे उचलले.

“आईला सांगू नकोस,” म्हणाले, “आण्णांसाठी म्हणून ती तूप जास्त घालते.”