राहीबाईचा तवा भंडारदऱ्याला गेला

पहाटेपर्यंत भुरभुर चालू होती. उघडीप मिळताच राहीबाईनं शेळ्यांखालचं ओलं काढलं, राख पसरली आणि हात धुऊन गाठोडं बांधायला बसली.

लेक सृष्टी आणि जावई वाल्मिक आपल्या गाडीनं भंडारदऱ्याला फिरायला निघाले होते. अडचणीसाठी एक किट घरात, एक गाडीत हवं, तीन दिवस पुरेल एवढं, असं सृष्टीनं मोबाईलवर बघून सांगितलं होतं. राहीबाईला हे काय नवीन? एकोणीस हंगाम ऊसतोडीला गेलेली बाई. इतक्या वर्षांत शेजारच्या पाचटाच्या कोपीत कधी मिठाचा खडासुद्धा मागितला नाही, हाच तिचा तोरा.

मुकादम तीन दिवस म्हणाला की महिना जातो, हा तिचा अनुभव. तिनं त्याच हिशोबानं बांधलं. पोतंभर बाजरी, पीठ, तवा, पीठ मळायची काटवट, वाळलेलं जळण, चुलीचे तीन दगड. अंड्यांची सोय म्हणून डालग्यात कोंबडी.

वाल्मिकनं दुकानातून लाल पिशवी आणली होती. बॅटरी, पट्ट्या, बिस्किटं. डिक्कीत दोन्ही मावेनात. तो अदबीनं म्हणाला, "मामी, दगड तिकडं मिळतील की."

"मिळतील. पन वल्लं असत्यात, जावयबापू."

सृष्टीनं आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि लाल पिशवी घरातल्या किटसाठी ठेवून दिली.

गाडी गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत गेली. पुढची चाकं पार झाली, मागची डिक्कीच्या वजनानं गाळात बसली. फोन आला तशी राहीबाई पदर खोचून पोचली. पोतं गाठोड्याच्या फडक्यावर रिकामं करून चाकाखाली घातलं, त्यावर जळण पसरलं, मागं दगड लावले. सृष्टीनं गाडी चालू केली, दोघांनी ढकलली. गाडी निघाली. वाल्मिक डोक्यापासून पायापर्यंत गाळानं माखला.

"बगा," राहीबाई म्हणाली, "किट नसतं तर काय केलं असतं?"

वाल्मिकनं तोंड उघडलं. खाली उतरलेल्या सृष्टीनं त्याच्या पायावर पाय दिला. राहीबाईनं गाडीत सगळं परत भरून दिलं, दगडसुद्धा धुऊन.

घरी आली तर भूक लागलेली. डब्यात पीठ होतं, चुलीला मागच्या दारचे दुसरे दगड लावले. तव्यासाठी भिंतीकडं हात गेला आणि तिथंच थांबला. मग लाल पिशवी उघडली. बॅटरी पेटवून बघितली. तिच्यावर भाकरी भाजणार नव्हती.

बराच वेळ ती उंबऱ्यात उभी राहिली. शेवटी शेजारच्या बनुबाईच्या दारात गेली.

"बने, तवा दे गं. माजा फिरायला गेलाय."

बनुबाईनं आधी नीट हसून घेतलं, मग तवा दिला. घरी येऊन राहीबाईनं परातीत पीठ घेतलं आणि मळायला लागली.