पोटरीला इंग्रजी, पोटाला तमिळ

जगात स्वतःच्या पोटरीशी इंग्रजीत बोलणारा माणूस एकच झाला, आणि तो आपल्याच नात्यागोत्यात जन्मला. बाळांनो, तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ, म्हणजे माझे भावोजी, जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर शिकवायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच शरीराचा वर्ग भरवला. स्नायू तीन तऱ्हांचे, हा त्यांचा पहिला धडा. हाडांना धरून असतात ते आपल्या हुकमातले. सांगाल तेव्हा हलतील, पण लवकर दमतील. त्यांना शिस्त हवी, म्हणून इंग्रजी. झोपाळ्यावरून उठायचं झालं तरी आधी पुकारा व्हायचा, "थाय, रेडी. काफ, स्टेडी. अप." समोरच्या घरातले निवृत्त हवालदार तो ऐकून हातातली कॉफी सांभाळत उभे राहायचे.

दुसरी तऱ्हा जठरातल्या, आतड्यांतल्या मऊ स्नायूंची. हे कोणाचं ऐकत नाहीत, आपल्या संथ चालीने अन्न पुढे ढकलत राहतात. यांना हुकूम करायचा नाही, गोंजारायचं. आणि जन्मभर इथलं, या तमिळ मुलखातलं सांबार पचवलेल्या पोटाला तमिळच गोड लागणार. पापनाशमच्या एका लग्नात तिसऱ्यांदा पायसम, म्हणजे खीर, संपवून त्यांनी पोटावर हात ठेवला आणि लाडाने म्हणाले, "मेल्ल पा, मेल्ल. अवसरम इल्लै." म्हणजे सावकाश, घाई नाही. वाढप्याला वाटलं, आपल्यालाच सांगताहेत. तो इतका सावकाश झाला की पंगतीच्या टोकाला बसलेल्या नवरदेवाच्या मामांचा शेवटचा ताकभात संपला तरी पायसम त्यांच्या पानापर्यंत पोहोचलं नव्हतं. मामा भडकले. भावोजींनी मात्र वाढप्याची पाठ थोपटली. अगदी आतड्यासारखं काम करतोस, म्हणाले.

तिसरा स्नायू फक्त हृदयात. त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलता, असं मी एकदा विचारलं.

"काय बोलायचं, वहिनी? ते हुकूम घेत नाही, रजाही घेत नाही. बिनबोभाट चाललंय तर चालू द्यावं."

यंदा नवं कॅलेंडर लावायला भावोजी स्टुलावर चढले आणि पडले. पाय प्लॅस्टरमध्ये गेला. प्लॅस्टर निघालं तेव्हा पोटरीची शेवग्याची शेंग झाली होती. वापरला नाही तर हा स्नायू वाळतो, हे त्यांनीच पोरांच्या कितीतरी पिढ्यांना शिकवलेलं. आता इंग्रजी हुकूम सुटत होते, हवालदार उठत होते, पण पोटरी ढिम्म. "ऐच्छिक स्नायू म्हणतात खरं," ते मला म्हणाले, "पण इच्छा माझ्या एकट्याचीच दिसते." त्यात तुमची सुट्टी जवळ आलेली. परत जाताना तुमची गाडी सुटली की खिडकीबरोबर प्लॅटफॉर्म संपेपर्यंत चालायचं, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं की रुसायचे. मग रोज सकाळी ओसरीचा खांब धरून टाचा वर, टाचा खाली, आणि समोर हवालदारांचीही तीच कवायत.

तुम्ही पाहिलंत ना, काठी टेकत ते तुमच्या खिडकीबरोबर चालले? टोकापर्यंत नाही, चहाच्या स्टॉलपर्यंत. पण चालले. त्यानंतरचं तुम्हाला दिसलं नाही. गाडी वळणाआड गेली आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. मी घाबरले, दुखतंय का विचारलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि छातीकडे बघत, आपल्या घरच्या मराठीत बोलले, "हळू रे राजा. येतील परत."

मग आम्ही बाकावर बसलो. प्लॅटफॉर्म रिकामा झाला, चहावाल्याने किटली धुऊन पालथी घातली, तरी पोटरीला उठायचा हुकूम काही सुटेना.