मास्तरांचा हिरवा ढग

तलावावर पोहायला शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे शिट्टीमास्तर म्हणत. पाण्यात लघवी करणारा माणूस त्यांना अजिबात खपत नसे. "पाण्यात औषध घातलंय. कुणी आगाऊपणा केला, की त्याच्याभोवती पाणी हिरवं होतं," असा दम ते प्रत्येक नवशिक्याला भरत. औषधबिषध काही नव्हतं, पण धाक जबरदस्त.

मग त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर धुरकट ठिपके तरंगायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बाईंचाच चेहरा खुलला.

"मागच्या पडद्याला सूज आहे. फार दुर्मीळ प्रकार. माझा अभ्यासच यावर चाललाय."

मास्तरांनी ऐटीत बायकोकडे पाहिलं. आजवर त्यांचं काहीच दुर्मीळ निघालं नव्हतं.

बाईंनी डोळ्यांत थेंब घातले, हाताच्या शिरेत रंगाचं इंजेक्शन दिलं. रक्ताबरोबर रंग डोळ्यात गेला आणि कॅमेरा पटापट फोटो काढायला लागला. रंग जिथे झिरपेल तिथे सूज, असा हिशेब. "वा, काय झिरपतंय!" बाई पुटपुटल्या. मास्तरांनी नकळत "थँक्यू" म्हटलं.

"अंग थोडं पिवळं दिसेल, लघवीचा रंगही बदलेल. घाबरू नका. आज घरी आराम करा," बाईंनी बजावलं.

पण संध्याकाळी बायकांचा वर्ग होता, आणि खाडा करणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. थेंबांमुळे सगळं अंधूक दिसत होतं. तरी काळा चष्मा लावून, लिंबासारखे पिवळे मास्तर छातीभर पाण्यात उतरले. पाणी गार, पोटात दोन कप चहा. खरं सांगायचं तर हे त्यांचं रोजचंच होतं.

"पाय सरळ ठेवा," ते सांगत होते. बायका मात्र एकेक करून मागे सरकायला लागल्या.

शेवटी वर्गात येणारी त्यांची धाकटी मेहुणीच बोलली. "भाऊजी, तुमच्याभोवती पाणी हिरवं झालंय."

मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं. त्यांच्या अधू डोळ्यालाही दिसावा असा लख्ख हिरवा ढग कमरेपासून पसरत होता.

"ते डोळ्याचं औषध आहे," ते म्हणाले.

"डोळ्यातून आलं?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. काठावर बसलेली एक आजी शेजारणीला म्हणाली, "म्हणजे औषध खरंच घालतात. मला वाटायचं, नुसतीच भीती घालतात."

आठवडाभर मास्तर तोंड लपवून हिंडले. त्या फोटोंवरून बाईंनी गोळ्या ठरवल्या, हळूहळू सूज उतरली आणि ठिपकेही विरळ झाले. बाईंनी एक फोटो भेट दिला, तो बायकोने चौकट करून बैठकीत लावला. पाहुणे विचारतात, "हा कुठला ग्रह?"

"आमच्या ह्यांचा डावा डोळा," ती कौतुकाने सांगते. मास्तर तेवढ्यात आत जाऊन पाणी आणतात.