दबलेले तंतू

खनिजांच्या प्रदर्शनात एक टेबल हौशी संग्राहकांसाठी होतं. सापडलेला दगड तिथे दाखवायचा आणि तज्ज्ञ बाई त्याची ओळख सांगायच्या. एका वयस्क गृहस्थांनी डबा उघडला. विहीर खोदताना निघालेला काळा दगड होता आणि त्याच्या पोकळीत फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा पांढरा गोळा.

"ओकेनाइट," बाई म्हणाल्या. "पण काका, हात लावलाय कुणीतरी. इथे तंतू दबलेत."

"मुलगी लावायची. ससा म्हणायची त्याला. मी ओरडायचो, अगं, टक्कल पडेल सशाला!" ते किंचित हसले. "गेल्या वर्षी गेली ती."

बाईंनी भिंग खाली ठेवलं.

"हे तंतू पुन्हा उभे राहतात का हो?"

"नाही, काका. एकदा दबले की दबले."

लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत असे गोळे अंधारात तयार होतात. तिथे त्यांना कुणाचाच हात लागत नाही, म्हणून ते निर्दोष राहतात.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग बरं. एवढंच विचारायला आलो होतो," ते म्हणाले आणि बोटाएवढ्या त्या खळग्याला धक्का लागणार नाही अशा बेताने त्यांनी डबा बंद केला.