खिडकीतल्या राणीचा हात

‘संशय घ्यावा, त्याला पैसे पडत नाहीत,’ असं सर म्हणायचे आणि चष्मा कपाळावर ढकलून समोरच्याला नुसत्या डोळ्यांनी न्याहाळायचे.

नागपुरात त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली होती. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावी मुलीकडे आले आणि करोनात विमानं बंद झाल्यानं इथंच अडकले. आम्ही शेजारी. मी लांबून ‘जय भीम, सर’ म्हटलं, की ते आधी माझा मास्क तपासायचे. नळाचं पाणी, बिनबियांची द्राक्षं, सरकारचे आकडे, त्यांना सगळ्यातच काहीतरी गोम दिसायची.

तुम्ही इथं राहिला असाल तर ठाऊक असेल, इथली माणसं खिडक्यांना पडदे ओढत नाहीत. कोपऱ्यावरच्या घरात एक डच आजी एकट्याच राहायच्या. त्यांच्या भिंतीवर मरणासन्न राणीचं मोठं चित्र होतं. सर रोज रस्त्यात थांबून ते बघत राहायचे. मग गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, एक परका माणूस घरं हेरतोय. सरांची मुलगी रडकुंडीला आली. तुम्हीच त्यांना समजवा, मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सरांबरोबर निघालो. वाटेत त्यांनी मलाच गोष्ट सांगितली. मूळ चित्र एकोणिसाव्या शतकातल्या एका स्पॅनिश चित्रकाराचं. गरीब घरातला मुलगा, शिष्यवृत्तीवर रोमला गेला. राजेराण्यांची मरणं रंगवून त्यानं सुवर्णपदकं मिळवली, अकादमीचा प्रमुख झाला. म्हातारपणी नवे चित्रकार त्याला हसले आणि त्याचे कॅनव्हास गुंडाळून कोठारात गेले. सर वर्षानुवर्षं वर्गात त्याच्या चित्राची स्लाइड दाखवत आले होते.

आम्ही खिडकीपाशी थांबलो तोच दार उघडलं. आजींच्या हातात फोन होता. काय बघता, असं त्यांनी करड्या आवाजात विचारलं. पोलिसांना बोलावणार असाव्यात. मी सारवासारव करू लागलो, पण सरांनी मला थांबवलं.

‘त्यांना सांग, चित्र त्याचंच आहे. पण राणीचा हात त्याचा नाही.’

मी ते डचमध्ये सांगितलं.  आजींनी फोन खिशात ठेवला आणि त्या सांगू लागल्या. तरुणपणी त्यांच्या नवऱ्यानं माद्रिदला बसून ही नक्कल केली होती. हात काही केल्या जमेना, म्हणून त्यानं बायकोला समोर बसवून तिचाच हात काढला. आजवर कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

सर म्हणाले, ‘मग हाच बरा आहे. मूळ चित्रकारानं तो पदकासाठी काढला होता.’

तो सगळा उन्हाळा दोघं अंगणात दोन टोकांना खुर्च्या टाकून बसायची. त्या डचमध्ये बोलायच्या, सर मराठीत. एकमेकांचं किती कळायचं, कोण जाणे. आजींनी दिलेली कॉफी मात्र सर आधी हुंगून बघत.

विमानं सुरू झाली आणि सर परतले. पुढच्या वर्षी नागपुरात, दुसऱ्या लाटेत गेले.

आजींना सांगायला मीच गेलो. ऐकून त्या पायरीवर बसल्या. इतके दिवस त्या त्यांना नुसतं ‘मेनेर’, म्हणजे ‘महाशय’, म्हणत आल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मला सरांचं नाव विचारलं. मी सांगितलं. जीभ वळत नव्हती, तरी नीट जमेपर्यंत त्या ते म्हणत राहिल्या.