डाव्या हाताची रायफल

फोन आला तेव्हा मी कॅम्प तीनमधल्या माझ्या कारखान्यात जीन्सच्या बटणांवरून एका सिंधी व्यापाऱ्याशी घासाघीस करत होतो. फोनवर दाजी होते, शालनताईचे यजमान. म्हणाले, "दिलीप, ताई गेली तुझी." मी हातातली बटणं टेबलावर ठेवून दिली. व्यापाऱ्याने काय ते ओळखलं. "साईं, बाद में आता हूँ," म्हणत त्याने नमुन्यांची पिशवी उचलली आणि जाताना टेबलफॅन माझ्याकडे वळवून गेला... त्याला आता काही आठवडे होऊन गेले.

शालनताई नात्याने माझी कुणी नव्हे. ती अंबरनाथच्या एका शाळेत पी.टी.ची बाई होती, राहायला बदलापूर पूर्वेला. आमची ओळख झाली ती अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे आम्ही पाचसहा जण एअर रायफलचा सराव करायचो. मी नवशिका, ती कॉलेजातल्या एनसीसीपासून नेमबाजी करणारी. पहिल्याच दिवशी तिने माझ्या कोपराखाली हात घातला, कोपर दोन बोटं आत सरकवलं आणि म्हणाली, "आता श्वास सोड आणि अर्ध्यावर थांब." माझी गोळी पहिल्यांदाच काळ्या वर्तुळात गेली. त्या दिवसापासून ती ताई झाली.

ती डावखुरी होती. लहानपणी शाळेत फुटपट्टी खाऊन लिहायला तेवढी उजव्या हाताने शिकली, बाकी सगळं डाव्याने. पण रायफली साऱ्या उजव्यांसाठी. गोळी भरायला मागेपुढे करायचा दांडा म्हणजे बोल्ट, त्याची मूठ उजवीकडे. ताई दस्ता डाव्या खांद्याला लावायची, डाव्या हाताने चाप ओढायची आणि प्रत्येक गोळीनंतर तोच हात रायफलवरून आडवा पलीकडे नेऊन बोल्ट उघडायची. उडालेल्या गोळीची तापलेली पुंगळी तिच्या तोंडासमोरून उडायची. तिच्या गालावर भाजल्याचा एक बारीक डाग होता. लग्नाच्या वेळी सासरच्यांना तो देवीचा वाटला होता म्हणे. असं आडव्या हाताने तिने राज्य पातळीपर्यंत पदकं मिळवली आणि कधी तक्रार केली नाही. एवढंच म्हणायची, की निवृत्त झाल्यावर एक रायफल आपल्या मापाची करून घ्यायची, लांब पल्ल्याची.

निवृत्त झाल्यावर तिने ते खरंच मनावर घेतलं. परवान्याचे सोपस्कार झाले. पुण्याकडचे साळवी म्हणून एक परवानाधारक कारागीर आहेत, ते रायफल जुळवून देणार होते. प्रश्न होता ॲक्शनचा. गोळीला आत घेऊन कुलूप लावणारा आणि उडाल्यावर पुंगळी बाहेर टाकणारा रायफलचा मधला भाग म्हणजे ॲक्शन. नळी झिजली की बदलता येते, दस्ताही बदलतो. ॲक्शन बदलली तर ती रायफलच दुसरी होते. त्यामुळे ताईने घाई केली नाही. रविवारी मी शेअर रिक्षा पकडून स्टेशन गाठायचो आणि बदलापूरला जायचो. दाजी पोहे करायचे आणि आम्ही दोघं साळव्यांनी पाठवलेली चित्रं पसरून बसायचो. मला मॅगझिनवाली, पोटात गोळ्यांची पेटी असलेली, हवीशी वाटे, दिसायला रुबाबदार. ताई म्हणायची, मॅगझिनसाठी पोटाला खाच पाडावी लागते. आपण तर एकेक गोळी हातानेच भरणार, मग पोट कापायचं कशाला? सलग पोलाद ताठ राहतं, जड नळी पेलतं. बोल्टला कुलपाच्या खुंट्या दोन की तीन, यावर आमचे दोन रविवार गेले. तीन खुंट्यांची मूठ थोडी उचलली तरी भागतं, पण साळव्यांकडे हाताळून पाहिलेली ती उचलायला जड लागली होती; दोन खुंट्यांच्या ॲक्शनला हात जास्त फिरवावा लागे, पण ती हलकी उघडे. ताईने दोनवाली निवडली. मूठ उचलताना रायफल जागची हलता कामा नये, हे तिचं कारण. आणि मूठ डावीकडे, यावर तर चर्चाच नव्हती. ती बोलताना डावा हात नुसताच हवेत उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची. दाजी हसायचे.

मागणी पाठवायची ठरली आणि ताईच्या छातीत गाठ निघाली. डाव्या बाजूला. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले, केस गेले. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या खांद्यावर रायफलचा धक्का यापुढे कधीही घ्यायचा नाही. मला वाटलं, विषय संपला. पण थोडी उभारी आल्यावर तिने मला आणि दाजींना घेऊन पुणं गाठलं. साळव्यांनी तिच्यासाठी खुर्ची आणवली, पाणी दिलं आणि फार हळुवारपणे सांगितलं की उजव्या मुठीची तशीच ॲक्शन त्यांच्याकडे तयार आहे, लगेच काम सुरू करता येईल. डावी बाहेरून बनवून यायची, त्याला बरेच महिने जाणार. आता उजव्या खांद्यावर यायचंच आहे तर उजवीच घ्यावी. मलाही ते पटलं. महिने किती हातात आहेत, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ते कुणी बोलतही नव्हतं.

ताईने टेबलावरची ती तयार ॲक्शन हातात घेतली, उघडली, मिटली, परत ठेवली.

"साळवी, माझा खांदा बदललाय," ती म्हणाली. "हात तोच आहे."

मग तिने समजावून सांगितलं. रायफल पुढे टेकूवर, मागे वाळूच्या पिशवीवर असणार. दस्ता उजव्या खांद्याला, उजवा हात चापाशी, तो तिथून हलणारच नाही. डावा हात मोकळा. मूठ डावीकडे असली तर गोळी भरणं, बोल्ट मिटणं, उघडणं, सगळं तो एकटा करेल, आणि पुंगळीही तोंडावर उडू न देता हलकेच डावीकडे काढून टाकेल. साळव्यांनी स्वतः टेबलावर वाकून हात तसे धरून पाहिले. "बसतंय, मॅडम," ते म्हणाले. "पण थांबावं लागेल."

"थांबू. तोवर खांदा शिकेल."

परतीच्या वाटेवर दाजी खिडकीबाहेर बघत बसले होते. ताईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता...

खांदा खरोखर शिकला. साठीच्या बाईने अंबरनाथच्या त्या शेडमध्ये उजव्या बाजूने पहिल्यापासून सुरुवात केली. जन्मभर डाव्या डोळ्याने नेम धरलेला. उजवा डोळा आधी नुसताच पाणावायचा. गोळ्या कागदाच्या बाहेर जायच्या. एक दिवस थकून ती बाकावर बसली तेव्हा मी तिच्या कोपराखाली हात घातला आणि कोपर आत सरकवलं. "अर्ध्यावर थांबू ना सर?" असं म्हणून ती इतकी हसली की डोक्याचा रुमाल सुटला.

रायफल आली. लांब पल्ल्यासाठी राज्याबाहेर जावं लागतं. आम्ही तिघं गेलो. स्पर्धेत ताईचा क्रमांक मध्येच कुठेतरी लागला, पदक नाही. पण तिच्या शेवटच्या काही गोळ्या चहाच्या बशीत मावतील इतक्या जवळजवळ बसल्या होत्या. मी मागून दुर्बिणीतून पाहत होतो. उजवा हात चापाशी स्थिर, आणि डावा हात शांतपणे जात होता, येत होता. शेवटची पुंगळी डावीकडे गवतात पडली. ताई उठेना. गाल दस्त्यावर तसाच. मी घाबरून जवळ गेलो, हाक मारली.

"थांब रे जरा," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आज हात कुठे आडवा गेला नाही."

त्यानंतर तिला दोन स्पर्धा मिळाल्या. मग दुखणं हाडांत उतरलं. शेवटी शेवटी ती रायफल उचलू शकत नव्हती, तर दाजी तिच्या मांडीवर टॉवेल अंथरून नुसता बोल्ट देत आणि ती तो पुसत बसायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत माझं काय झालं हे तिने जाण्याच्या आदल्याच आठवड्यात विचारलं होतं. मी गुणांचा आकडा सांगितला. "श्वास चुकतोय तुझा," ती म्हणाली. तेच शेवटचं बोलणं.

परवानाधारक गेल्यावर शस्त्र जमा करावं लागतं. परवा दाजी आणि मी ते करून आलो. पुढे ताईच्या मुलीच्या नावावर परवाना होईल की नाही, बघायचं. घरी आल्यावर दाजी म्हणाले, "बस, चहा टाकतो." मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. दाजी उजवे. पण गॅसवरच्या भांड्याचा दांडा डावीकडे होता, चमचे डाव्या हाताला टांगलेले, गाळणीचा खिळाही डावीकडेच. दाजींनी उजवा हात भांड्यावरून आडवा पलीकडे नेला, वाफेतून, दांडा धरला आणि चहा ओतला. मनगटाला चटका बसला असावा. त्यांनी ते साडीच्या जुन्या फडक्याला पुसलं.

"फिरवून ठेवा की दाजी, दांडा," मी म्हणालो.

त्यांनी भांडं परत शेगडीवर ठेवलं, दांडा पुन्हा डावीकडे येईल असं.

"असू दे," ते म्हणाले. "आता माझी पाळी."