स्टिरिओमागची कुडी

शांताराम दिवेकर दिल्लीत हिंदी बोलत आणि मनातलं मराठीत बोलत. चाळीस वर्षांचा शिरस्ता होता तो. समोर भाजीवाला असो, डॉक्टर असो, नाहीतर शेजारचे गुप्ताजी, तोंडावर "जी भाईसाहब, बिल्कुल" आणि लगेच बायकोकडे वळून, "लुच्चा आहे हा, याच्या नादाला लागू नकोस." समोरच्याला मराठी कळत नाही याची त्यांना एवढी खात्री, की आवाजसुद्धा खाली आणत नसत. मीनाक्षीताई बिचाऱ्या दर वेळी ओशाळून हसत.

नोकरी केली ती एका मंत्रालयाच्या दक्षता विभागात. लोकांच्या चौकशा करायच्या आणि अहवाल लिहायचे. "माझा एकही अहवाल चुकीचा ठरला नाही," हे वाक्य घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशाला पेन असल्याशिवाय ते दूध आणायलाही खाली उतरत नसत.

निवृत्त होताना घेतलेली पांढरी गाडीही आता अकरा वर्षांची झाली होती. तिचा स्टिरिओ सीडी गिळायचा आणि परत द्यायचा नाही. आवाजाचं बटण गळून पडलं होतं, ते शांतारामांनी चिकटपट्टीने बसवलं होतं. तेवढ्यावर आणखी चार वर्षं गेली असती. पण त्यांनी पार्किंगच्या खांबाला मागून दोनदा गाडी घासली, आणि पुण्याहून त्यांच्या मुलाने, आशयने, फोनवर निकाल दिला, "बाबा, आता स्क्रीनवाला स्टिरिओ बसवा. मागचं दिसेल, फोनही त्यावरच येईल. नाहीतर गाडी विका."

म्हणून एका मंगळवारी सकाळी दोघं नवरा-बायको गाझियाबादेतल्या जी. टी. रोडवरच्या दुकानात आले. दुकान गौरवचं. चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, फारसं न बोलणारा माणूस. कामही तो स्वतःच करी. त्याने बॅटरीची तार सोडली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डची चौकट अलगद उचकटायला घेतली.

"बहुत बढ़िया, आराम से कीजिए," शांताराम म्हणाले, आणि मागच्या सीटवर बसलेल्या मीनाक्षीताईंना, "नजर ठेव गं. आतल्या चांगल्या वायरी काढून घेतात हे लोक. याचं तोंडच सांगतंय."

गौरवने मान वर केली नाही. जुना स्टिरिओ त्याने ओढून बाहेर काढला. त्याच्याखाली चष्मा ठेवायचा एक छोटा कप्पा होता, तोही निघाला. कप्प्याची मागची बाजू तडकलेली होती. त्या फटीतून वर्षानुवर्षं काय काय पलीकडे गेलं होतं! टोलच्या पावत्या, दोन नाणी, बडीशेपेची पुडी. गौरवने हात घालून सगळं चाचपून काढलं आणि शेवटी तळहात पुढे केला.

"अंकल, ये भी था."

सात मोत्यांची कुडी होती ती. मध्ये लाल खडा.

शांतारामांनी कुडी हातात घेतली. ते दुकानातल्या स्टुलावर मटकन बसले.

नऊ वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतल्यावर त्या जोडीतली एक कुडी नाहीशी झाली होती. मीनाक्षीताईंच्या आईची कुडी. दोन्ही कुड्या घरी आरशासमोर काढून डबीत ठेवल्या, असं मीनाक्षीताईंना पक्कं आठवत होतं. खोलीत केर काढायला येणारी बाई एकच, भीमाबाई. वाशीमकडची. नवऱ्याबरोबर बांधकामावर दिल्लीत आली, नवरा गेला, ती राहिली. परमुलखात मराठी बोलणारी बाई मिळाली म्हणून मीनाक्षीताईंना कोण आनंद झाला होता. दोघी स्वयंपाकघरात तासन्‌तास बोलत बसत.

शांतारामांनी चौकशी केली. अगदी रीतसर, भीमाबाईला खुर्चीत बसवून, प्रश्न विचारून.

"साहेब, न्यायचीच असती तर दोन्ही नेल्या असत्या. एक घेऊन मी काय करू?" भीमाबाई म्हणाली होती.

"एकच नेली म्हणजे हरवली असं वाटावं. हाच तर डाव," शांताराम म्हणाले होते, आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाले होते. मग त्यांनी दोन पानी अहवाल लिहिला, मुद्द्यांना आकडे घातले, खाली सही केली आणि सोसायटीच्या ऑफिसात नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी गेटवर भीमाबाईचं आत यायचं कार्ड रद्द झालं. पोलीस नाही, पुरावा नाही, पण अकरा टॉवरांमधलं तिचं सगळं काम एका सकाळी सुटलं. शेजारच्या सोसायट्यांनीही दार लावलं. ती कुठे गेली, हे शांतारामांनी विचारलं नाही.

आणि कुडी तेव्हापासून त्यांच्याच गाडीत, त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती.

"कान दुखत होता माझा," मीनाक्षीताई पुटपुटल्या. "गाडीतच काढली असणार एक. अहो, मीच ठेवली असणार इथे. काय करून बसलो आपण!"

शांतारामांनी कुडी बायकोच्या हातात दिली आणि भोवती पाहिलं. मग मराठीत, नेहमीसारखंच मोठ्याने म्हणाले, "पर्समध्ये टाक ती. आशयला सांगायचं नाही, सोसायटीत तर अजिबात नाही. झालं ते झालं. भीमाबाई कुठे, आपण कुठे? नऊ वर्षांनी कोण विचारायला येतंय?"

मीनाक्षीताईंनी कुडी पर्समध्ये टाकली नाही. मूठ मिटून तशाच बसून राहिल्या.

गौरव आपला नवा स्टिरिओ बसवत होता. वायरी जोडल्या, चौकट दाबून बसवली, पडदा उजळला. त्याने मीनाक्षीताईंचा फोन मागून घेतला आणि जोडला. फोनमधली नावं पडद्यावर एकाखाली एक उतरली. गौरव बोटाने यादी सरकवत राहिला आणि एका जागी थांबला. शांतारामांनी वाकून वाचलं. 'भीमाबाई पानिपत'.

"हा नंबर तुझ्याकडे कसा?"

मीनाक्षीताई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "दर दिवाळीला फोन करते मी तिला."

शांताराम काही बोलणार, तेवढ्यात गौरव म्हणाला, "कॉल लावून आवाज तपासायचा असतो. ह्याच बाईंना लावू ना, काका?"

मराठीत. जरा पुस्तकी, पण स्वच्छ मराठीत.

शांतारामांच्या तोंडचं पाणी पळालं. वायरी, तोंडच सांगतंय, पर्समध्ये टाक, सगळं त्याने ऐकलं होतं. आणि आजवर असं किती जणांनी ऐकून घेतलं असेल? भाजीवाला? डॉक्टर?

"आम्ही पहाडगंजचे. मराठी शाळा आमच्याच गल्लीत होती, आठवीपर्यंत तिथे शिकलो," गौरव म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच शांतारामांना सोसवेना. "लावू?"

"लाव," मीनाक्षीताई म्हणाल्या.

गाडीच्या चारही दारांतून रिंग वाजू लागली. मग मागे कारखान्यातल्या यंत्रांचा खडखडाट आणि त्यावर चढवलेला ओळखीचा आवाज आला, इतका स्पष्ट की बाई सीटवरच येऊन बसल्यासारखी वाटली.

"हां, ताई. आज मध्येच फोन? कुडी सापडली का?"

जेवलात का विचारावं, इतक्या सहज विचारलं तिने. दर दिवाळीला हेच विचारत असणार. नऊ वर्षं शांतारामांनी तिला चोर धरलं होतं आणि नऊ वर्षं ती त्यांच्या कुडीची चौकशी करत होती.

मीनाक्षीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शांताराम स्टुलावरून उठले आणि उघड्या दारातून पडद्यासमोर वाकले.

"भीमाबाई, मी साहेब बोलतोय. सापडली. आमच्याच गाडीत होती. तुम्ही नेली नव्हती. माझं चुकलं. मला माफ करा."

मग ती कुठेतरी बाहेर आली असावी, कारण खडखडाट कमी झाला.

"असं फोनवर नको, साहेब," भीमाबाई म्हणाली. "लिहून द्या. तेव्हा लिहूनच दिलं होतं ना तुम्ही."

"देतो," शांताराम म्हणाले. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. गौरवने न मागता बिलबुकाच्या शेवटची दोन कोरी पानं फाडून त्यांच्यापुढे ठेवली.